सोललेला नीलमोहर

१

धाकटी किंचाळत आमच्या मागच्या दाराने आत आली तेव्हा मी चहा गाळत होते आणि हे आरशापुढे दाढी करत होते.

"भावोजी, ताईचं झाड! ताईचं झाड कुणीतरी सोललंय!"

हे एका गालावरचा साबण तसाच ठेवून धावले. धाकटी भिंतीला टेकली. "मला आधी पाणी दे गं," म्हणाली. पाण्याची सुरई ओट्यावरच होती. मी बोटाने दाखवली आणि चपला शोधायला पुढच्या खोलीत गेले. आत खण ओढल्याचा आवाज झाला. मग तीही माझ्या मागोमाग धावत आली.

आता त्या शहराबद्दल थोडं सांगते. लहान शहर, पण बागांचा नाद मोठा. टेकडीवर वरची बाग आणि तळ्याकाठी खालची बाग. दर वर्षी उत्तम बागेचा करंडक कुणाला मिळतो यावरून लोकांत बोलणी बंद व्हायची, सोयरिकी मोडायच्या. हे शहराच्या सगळ्या बागांचे अधीक्षक होते, आणि खालची बाग स्वतः सांभाळत. राहायला खात्याची बंगली होती, खालच्या बागेतच, रोपवाटिकेच्या भिंतीला लागून. बंगलीच्या अंगणापुढे कुंपण, कुंपणापुढे तळं, आणि तळ्याच्या पलीकडे तो नीलमोहर.

यांची पहिली बायको, म्हणजे धाकटीची सख्खी थोरली बहीण, फार लवकर गेली. तिच्या आठवणीत यांनी ते झाड लावलं आणि खाली एक बाक टाकला. काम संपलं की संध्याकाळी हे त्या बाकावर जाऊन बसत. माझ्याशी लग्न झाल्यावरही बसत. मी दुसरी. लग्नाआधी मी त्याच रोपवाटिकेत कामाला होते. फांद्यांची साल काढून तिथे ओल्या शेवाळाच्या गुट्या बांधायच्या, मुळं धरली की कापून कुंडीत लावायच्या, हे माझं काम.

सवत जिवंत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. झाडाशी कसं भांडणार? ते दर वर्षी उंच होत होतं, दर वर्षी निळ्या फुलांनी लगडत होतं, आणि मी दर वर्षी जाड होत होते.

पलीकडे पोचले तर हे झाडापुढे गुडघे टेकून बसले होते. खोडाभोवती कमरेएवढ्या उंचीवर वीतभर रुंदीची साल गोलाकार काढली होती. आतलं लाकूड ओलं, पांढरं, चकचकीत. नेसतं वस्त्र कुणी ओढून घ्यावं तसं झाड उघडं दिसत होतं. साल अशी चहूबाजूंनी तोडली की पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. हे मला ठाऊक होतं, यांना ठाऊक होतं.

यांनी मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. विचारलं काहीच नाही.

२

विचारलं नाही, कारण विचारायची गरज कुणालाच वाटत नव्हती.

आठवड्यापूर्वीच करंडकाचा चहापानाचा समारंभ झाला होता. खालच्या बागेला करंडक मिळाला आणि भाषणात यांनी त्या नीलमोहराचे आभार मानले. झाडाचे! माझं डोकं फिरलं. बशी आपटून मी म्हणाले, "एक दिवस मी ते झाडच सोलून काढीन." जवळ होते त्यांनी ऐकलं. वरच्या बागेचे मुख्य माळी, ज्यांना त्यांच्या मिशांमुळे सगळे हवालदार म्हणत, कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला, धाकटी, आणि आमच्या वन्सं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. न्यायालयात टंकलेखिका होत्या. उभं आयुष्य लोकांच्या साक्षी टाइप केल्या, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. पहिली त्यांची लाडकी होती. माझ्या हातचा चहा त्या औषधासारखा प्यायच्या.

यांनी पोतं भिजवून खोडाला गुंडाळलं, वरून मेणकापड बांधलं आणि घरी आले. वन्संनी साखर ढवळायला चमचा हवा म्हणून स्वयंपाकघराचा खण उघडला. चमच्यांमध्ये यांचा कलमाचा चाकू पडला होता. तो एरवी मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. पात्याला अजून चिकट रस होता.

वन्संनी तो दोन बोटांत धरून माझ्यापुढे ठेवला.

"मी नाही केलं," मी म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात," वन्सं म्हणाल्या. "आयुष्यभर तेच टाइप केलंय मी."

हे कोपऱ्यात कोट चढवत होते. तेवढ्यात उद्यान समितीचे अध्यक्ष दारात आले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी," हे म्हणाले. "प्रयोग करत होतो. चुकला."

अध्यक्ष उंबरा ओलांडून आत आले. "सार्वजनिक झाड आहे ते. तुमच्या घरच्या परसातलं नव्हे. सोमवारी समितीपुढे हेच सांगायचं असेल तर सामानाची बांधाबांध करून या. नोकरी राहणार नाही, बंगलीही नाही."

ते गेल्यावर हेही कचेरीत गेले, आणि त्या रात्रीपासून तिथेच झोपू लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याने माझ्यासाठी खोटं बोलावं हे ऐकायला बरं वाटतं. पण तसं बोलायला त्याने आधी मला गुन्हेगार ठरवलं होतं! आणि सोमवारनंतर ना घर, ना त्याचं आयुष्यभराचं काम. ते गेलं असतं तर आमच्यात काय उरलं असतं, मला सांगा. रोज समोरासमोर बसून त्याने मला मनातल्या मनात माफ केलं असतं. ती माफी मला सोसवली नसती.

"तू केलंयस आणि निस्तरतोय तो," वन्सं म्हणाल्या. "पण माझा भाऊ खोट्या साक्षीवर घर घालवणार नाही. सोमवारच्या आत मी हे सिद्ध करून दाखवीन."

"करा," मी म्हणाले. "आणि मी नाही असं सिद्ध झालं तर?"

"होणार नाही. चल माझ्याबरोबर. लोक बोलतील तेव्हा तुझा चेहरा मला समोर हवा."

३

आधी आम्ही झाडाकडे गेलो. वन्संनी मेणकापड सोडलं, पोतं खाली ओढलं, नाकावर चष्मा चढवला आणि खोडाभोवती फिरल्या. मग बोटाने सालीवर एक जागा दाखवली.

"हे काय गं?"

कापाच्या अगदी वर, सालीच्या खडबडीत उंचवट्यांवर एक बारीक पांढुरकी रेघ होती. सगळीकडे नव्हती, पण जिथे होती तिथे कापाला धरून होती.

"चुना असेल," मी म्हणाले. "हवालदार झाडांना चुन्याच्या खुणा करतात."

"बघू," म्हणत त्यांनी दोन्ही काप तपासले. वरचा काप जिथून सुरू झाला तिथेच येऊन बरोबर मिळाला होता. खालचाही. दोन्हींतलं अंतर सगळीकडे सारखं. त्यांनी पोतं पुन्हा गुंडाळलं आणि हात झटकले.

हवालदार वरच्या बागेत गुलाबांच्या ताटव्यात होते. वन्संना पाहून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"माझ्यावर संशय आहे ना? यायलाच हवा. मला करंडक हवा होता, अजून हवा आहे. झोपेतही मला तो करंडक दिसतो, बाई. पण झाडावर राग काढायला मी काय बाईमाणूस आहे?"

"जीभ सांभाळा," वन्सं म्हणाल्या.

"चुकलो. पण सांगा, हा न्याय आहे का? माझं प्रत्येक कुंपण दोरी लावून कापलेलं. आणि यांच्या तळ्याकाठच्या कुंपणाला मधेच खाच, समोरचा दात पडल्यासारखी! किती वर्षं झाली, साहेब ती वाढू देत नाहीत. माझ्या माणसाने असं कुंपण ठेवलं असतं तर साहेबांनी त्याला उभा फाडला असता. तरी करंडक त्यांनाच!"

"चुन्याने खुणा करता ना तुम्ही?"

हवालदारांनी आपला कुंचला दाखवला. पंजाएवढा रुंद. "याने," ते म्हणाले. "लांबून दिसायला हवी खूण. बारीक रेघ ओढून मी काय झाडाला काजळ घालू?"

आइस्क्रीमवाला तर वन्संनी तोंड उघडायच्या आधीच रडायला लागला. "फुलं गिऱ्हाइकांच्या पेल्यात पडतात, फांद्या छाटा म्हणून मी कटकट केली, कबूल! पण फुलं बघायलाच तर माणसं येतात, अक्का. नीलमोहर फुलला की माझी गाडी चालते. तो वाळला तर कोण येणार, तळ्यातली बदकं?"

"साहेबांच्या घरात कधी गेला होतास?"

"कोण घेईल मला घरात? पाय चिकट असतात माझे."

आम्ही परत खालच्या बागेपाशी आलो. फाटकासमोर धाकटीचं शिवणाचं दुकान होतं. ती धावत बाहेर आली, वन्संच्या गळ्यात पडली, आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाली, "अक्का, जाऊ द्या आता. शोधून काय करायचंय? भावोजींनी सगळं स्वतःवर घेतलंय. घरातली गोष्ट घरात राहू दे."

वन्संनी तिची पाठ थोपटली. माझी कधी थोपटली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी मला अंगणात बोलावलं. दारात लिंबाचं झाड होतं. त्यांनी तोच चाकू माझ्या हातात दिला.

"काढून दाखव."

"काय?"

"साल. या फांदीवर. झाडाची काढली तशी."

"मी काढली नाही!"

"मग कशी काढतात ते दाखव. ओरडायचं कशाला?"

मी संतापाने पदर खोचला. पण चाकू हातात आला की माझे हात माझे राहत नाहीत, रोपवाटिकेचे होतात. फांदी वाकवली, वर एक गोल काप दिला, खाली एक दिला, मधे उभी चीर, आणि अंगठ्याने सालीची चकती सोडवली. मग चाकू उलटा केला आणि पात्याच्या पाठीने आतलं लाकूड खरवडू लागले.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "हे काय करतेस?"

"खरवडतेय."

"ते दिसतंय. का?"

"सालीखाली बुळबुळीत थर असतो. तो राहिला तर नवी साल धरते आणि जखम पुन्हा जुळते. मग गुटीला मुळं फुटत नाहीत. खरवडावंच लागतं."

"हे सगळ्यांना माहीत असतं?"

"ज्यांनी गुट्या बांधल्यात त्यांना. मला, यांना, हवालदारांना. लांबून बघणाऱ्याला वाटतं साल काढली की झालं. चाकूची पाठ कुणाच्या लक्षातच येत नाही."

वन्संनी माझ्या हातातून चाकू काढून घेतला. त्यांनी लिंबाच्या उघड्या लाकडावरून बोट फिरवलं. मग खाली पायरीवर बसल्या, आणि पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या वाटल्या.

"नीलमोहर आतून चकचकीत होता," त्या हळूच म्हणाल्या. "ओला. बुळबुळीत. बोट लावलं तर घसरलं."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. झाड डोळ्यांनी मीही पाहिलं होतं. पण ते मरणार एवढंच मला दिसलं होतं.

"तू असतीस तर खरवडलं असतंस," वन्सं म्हणाल्या. "झाड मारायला आलेली असलीस तरी खरवडलं असतंस. आत्ता एवढ्या रागात होतीस, तरी तुझा हात चुकला नाही. माझा भाऊ आणि हवालदारही खरवडल्याशिवाय राहिले नसते. हे ज्याने केलं त्याने साल काढताना पाहिलंय, स्वतः कधी काढलेली नाही. तुम्हा माळी लोकांचा काप कसा असतो बघ. वरची चीर आणि खालची चीर वाकडीतिकडी. तुम्हाला त्याचं काय? झाडाच्या खोडावर मात्र दोन्ही काप सरळ, सारख्या अंतरावर. आणि वर ती बारीक रेघ. एवढ्या जाड, खडबडीत खोडाला फिरून बरोबर त्याच जागी काप आणायचा तर आधी काहीतरी गुंडाळून खूण करावी लागते."

"कोण करेल एवढी मेहनत? मारायचंच होतं तर?"

"ज्याला वाकडं कापताच येत नाही, तो." वन्सं उठल्या. "चाकू खणात मला सापडला. माझ्याआधी तो खण कुणी उघडला होता?"

सुरई ओट्यावर होती. धाकटी एकटी आत असताना आलेला खणाचा आवाज मला आठवला. मी सांगितलं.

वन्संचा चेहरा पांढरा पडला. "आत जाऊन माझी गोल उशी घेऊन ये," त्या म्हणाल्या.

५

धाकटी मशीनवर होती. वन्संनी उशी तिच्या पुढ्यात ठेवली.

"हिला खोळ शिवायचीय. मधोमध एक रंगीत पट्टी लावून दे."

"आत्ता देते, अक्का." धाकटीने गळ्यातली मापाची पट्टी काढली, उशीभोवती गुंडाळली, टोकाला टोक जुळवलं, खिशातला चपटा खडू घेतला आणि पट्टीच्या कडेने गोल रेघ ओढली. बारीक, पांढुरकी. मग पट्टी सरकवून दुसरी.

"झाडालाही अशीच गुंडाळलीस ना गं?" वन्सं म्हणाल्या.

खडू तिथेच थांबला.

"काय बोलता, अक्का!"

"आदल्या संध्याकाळी, माझा भाऊ बाकावरून परतल्यावर, तू आमच्याकडून बागेतल्या वाटेने गेलीस. जाताना मागच्या दारचा चाकू घेतलास. सकाळी ओरडत आलीस, पाणी मागितलंस, आणि खणात चाकू टाकलास. हिने सोलण्याची धमकी दिली होती ती तूही ऐकली होतीस. सगळं नीट बेतलंस. फक्त खरवडायचं तुला माहीत नव्हतं, आणि वाकडं कापणं तुझ्या हाताला जमत नाही."

धाकटी हसायला लागली. रडली असती तर मला कमी भीती वाटली असती.

"अक्का, ताई गेली तेव्हा तुम्हीच मला म्हणाला होतात, 'आता या घरात तूच शोभशील.' आठवतं?"

वन्संनी मान खाली घातली.

"मी वाट पाहिली. बाकावर भावोजींच्या शेजारी बसून पाहिली. ते बोलायचे नाहीत, मीही बोलायची नाही. म्हटलं, ताईसाठी झुरताहेत, झुरू देत, एक दिवस वळून बघतील. मग त्यांनी हिला आणलं! रोपवाटिकेतल्या बाईला, जिच्या नखांत चिखल! तरी मी जाऊन बसत राहिले. म्हटलं, घर हिचं असेल, हा बाक ताईचा आहे. माझा आहे."

"मग झाड का मारलंस?" मी विचारलं. "सख्ख्या बहिणीचं झाड!"

"ताईचं?" ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने प्रथमच मला सरळ डोळ्यांत पाहिलं. "मागच्या महिन्यात भावोजींना यायला उशीर झाला. मी सहज त्यांच्या जागेवर बसले. तिथून कुंपणातली ती खाच बरोबर समोर येते. तिच्यातून काय दिसतं, माहीत आहे तुला? रोपवाटिकेचा तो मोकळा ओटा, जिथे तू गुट्या बांधत बसायचीस. आणि त्याच्या बाजूला तुझ्या स्वयंपाकघराचं दार. बाकी काही दिसत नाही. ती खाच तुझ्या लग्नाच्या आधीची आहे गं. माझ्या बहिणीच्या सावलीत बसून ते तुला बघत होते, आणि मी शेजारी बसून त्यांचं दुःख वाटून घेत होते!"

मशीनवर अर्धवट शिवलेला झगा होता. तिने तो घडी करून बाजूला ठेवला, कड जुळवून.

"म्हटलं, ती सावलीच नको," ती म्हणाली.

६

वन्सं धाकटीला घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. जाताना तिचा हात त्यांनी हातात धरला होता. पकडून नेल्यासारखा नव्हे, आजाऱ्याला धरतात तसा. मला त्याचाही राग आला.

मी कचेरीत गेले. हे टेबलाचे खण रिकामे करत होते.

"धाकटीने केलं," मी म्हणाले. "तिने कबूल केलंय. वन्संनी शोधलं."

यांच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

"मला विचारलं का नाही?" मी म्हणाले. "एकदा. नुसतं एकदा विचारायचं."

यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर अध्यक्षांसमोर माझी जीभ अडली असती. माहीत नसताना सांगणं सोपं होतं."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

"ते माझ्या डोक्यात आलं नाही," हे म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

मी त्यांना दारापर्यंत ढकलत नेलं आणि म्हणाले, "तो थर शाबूत आहे. तिने खरवडलं नाही. चला, वाळायच्या आत पोतं बदलू या."

आम्ही दोघांनी मिळून ते झाड वाचवलं. शेवाळ ओलं करून खोडाला लावायचं, मेणकापड आवळायचं, ऊन लागू द्यायचं नाही. त्याला मी हात लावीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पावसाळा सरताना मेणकापड सोडलं तर जखमेवर पातळ, कोवळी साल धरली होती, बाळाच्या टाळूसारखी. अध्यक्षांनी प्रकरण तिथेच मिटवलं. धाकटी दुकान विकून दुसऱ्या गावी निघून गेली. वन्सं तिला भेटायला जात आणि परत आल्या की माझ्याकडे चहा मागत. सावकाश पीत.

त्यानंतर खूप वर्षं हे त्या बाकावर बसत राहिले. मी कधी रोपवाटिकेच्या ओट्यावर काम करायची, कधी दारात उभी राहायची. मुद्दाम उभी राहायची, खोटं कशाला बोलू? पण तिथून पलीकडे पाहिलं की उन्हाची तिरीप डोळ्यांवर यायची आणि बाकावर एक काळी आकृती तेवढी दिसायची. चेहरा दिसायचा नाही. मग मी तिकडे जाऊन शेजारी बसून पाहिलं. पण मी शेजारी असले की हे बोलायला लागत, हसत, माझ्याकडे वळत. दुरून बघताना माणसाचे डोळे कसे होतात, ते शेजारी बसल्यावर कसं दिसणार मला?

आता हेही नाहीत आणि वन्संही नाहीत. पहिलीबद्दल माझ्या मनात काहीच उरलेलं नाही, बिचारी लवकर गेली. मला हेवा वाटतो तो धाकटीचा. लग्नाआधी, लग्नानंतर, कितीतरी संध्याकाळी ती त्यांच्या इतक्या जवळ बसली होती. मला बघत असतानाचा त्यांचा चेहरा या जगात फक्त तिने पाहिला, आणि तो माझ्यासाठी आहे हे कळेपर्यंत तो तिने स्वतःचा समजून पाहिला.